कुत्रा म्हणजे निष्ठा? याकूत शामानाला विचारून बघा

पाणकावळा (धागाकर्ता)

प्राण्यांचे अर्थ सांगणारे ते तक्ते तुमच्याही समोर कधी ना कधी आले असतील. गरुड म्हणजे दूरदृष्टी, लांडगा म्हणजे स्वातंत्र्य, घुबड म्हणजे शहाणपण, कुत्रा म्हणजे निष्ठा, पाणमांजर म्हणजे खेळकरपणा. खाली बारीक अक्षरांत 'प्राचीन शामानी परंपरेनुसार'. शामान म्हणजे आत्म्यांशी, प्राण्यांशी बोलणी करणारा मांत्रिक; पण कुठल्या शामानाच्या, कुठल्या मुलखातल्या, याचा पत्ता नाही. सायबेरिया आणि उत्तर ध्रुवाभोवतालच्या लोकांविषयी हाताला लागेल ते वाचत आलोय, आणि जितकं वाचावं तितके हे तक्ते करमणुकीचे वाटायला लागतात. म्हणून हा धागा.

कुत्र्यापासूनच सुरू करू. पूर्व सायबेरियातले याकूत (ते स्वतःला सखा म्हणवतात) यांच्यात वाक्लाव सिएरोशेव्स्की नावाचा पोलिश राजकीय कैदी हद्दपारीची बारा वर्षं राहिला. त्याचा याकूतांवरचा ग्रंथ १८९६ साली निघाला. त्यात 'इये-कीला'ची माहिती आहे. ही शामानाची प्राणी-आई, किंवा जुळं भावंड म्हणा. तिचा जीव आणि शामानाचा जीव एकात एक गुंतलेला. ती दूर कुठेतरी दडवलेली असते. वर्षातून एकदा, बर्फ वितळून जमीन काळी दिसायला लागली की हे प्राणी बाहेर पडतात आणि रानोमाळ भटकतात. ते शामानांनाच दिसतात. दोघांच्या प्राण्यांची झुंज लागली तर इकडे दोन्ही शामान अंथरुणाला खिळतात, आणि ज्याचा प्राणी मेला तो शामानही मरतो.

आता यात भाग्यवान कोण? ज्याचा प्राणी वळू, घोडा, मूस (उत्तरेकडचं थोरलं हरीण) किंवा गरुड असेल तो. दुर्दैवी कोण? लांडगेवाला आणि कुत्रेवाला. त्यातही कुत्रा फार वाईट, कारण तो आपल्या शामानाला स्वस्थ बसू देत नाही, आतून काळीज कुरतडत राहतो. तक्त्यातली निष्ठा गेली कुठे?

पाणमांजराचं त्याहून भारी. अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या त्लिंगित लोकांत नदीकाठच्या पाणमांजराइतकं धास्तीचं जनावर दुसरं नाही. बुडालेल्या, रानात चुकलेल्या माणसांना पाणमांजरं पळवून नेतात आणि आपल्यासारखं करून टाकतात, ही तिथली पक्की समजूत. साधा माणूस त्याच्या वाटेला जात नसे. पण ज्याला शामान व्हायचं त्याची गाठ नेमकी त्याच्याशीच पडायची: तो एकांतात उपास करत फिरे, पाणमांजर समोर येऊन जीभ बाहेर काढून मरून पडे, ती जीभ कापून तो जवळ बाळगे. त्याची ताकद त्या जिभेत.

आणि घुबड. उत्तर अमेरिकेतल्या अपाचे लोकांत घुबडाचा आवाज म्हणजे मेलेल्याचं भूत जवळ आलं. जपानच्या होक्काइदो बेटावरच्या ऐनू लोकांत मोठं मासेखाऊ घुबड म्हणजे गावाची राखण करणारा देव. शहाणपणाचा संबंध दोन्हीकडे नाही.

माझं म्हणणं एवढंच: या परंपरांत प्राणी हे चिन्ह नसतं. तो समोरचा पक्ष असतो. त्याच्याशी देणंघेणं असतं, त्याचा रुसवा काढावा लागतो, त्याच्याकडून काही घेतलं तर फेडावं लागतं. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी वेगळ्या भागातलं वाचलंय त्यांनी भर घालावी.

----------

शेवंती

वाचतेय. पाणमांजराचं माहीत नव्हतं, अंगावर काटा आला. पण मग 'प्रतीक' हा शब्दच टाकून द्यायचा का? शामानांच्या अंगरख्यावर लोखंडी पक्षी टांगलेले असतात, टोपीला शिंगं असतात. ती प्रतीकं नाहीत तर काय?

----------

पाणकावळा

अवजारं म्हणा हवं तर. सायबेरियातल्याच एवेंकी किंवा याकूत लोकांच्या शामानाचा अंगरखा नीट बघितला तर बाह्यांना लांब झालरी असतात, ती पिसं. लोखंडाच्या पट्ट्या शिवलेल्या असतात, ती हाडं. डोक्यावर लोखंडी शिंगं. अंगरखा घातला की माणूस तो प्राणी 'दाखवत' नाही, तो त्या प्राण्याच्या अंगात शिरतो आणि त्याच्या पायांनी किंवा पंखांनी जातो. एवेंकी शामानाचं युरोपात छापलेलं पहिलंवहिलं चित्र निकोलास विट्सनच्या १६९२च्या ग्रंथात आहे. डोक्यावर शिंगं, हातात डफ, आणि पायांच्या जागी पंजे. चित्रकाराने खाली 'सैतानाचा पुजारी' असं लिहून टाकलं ते सोडा, पण पंजे काढायला तो विसरला नाही.

लोखंडी पक्ष्यांत लून हमखास दिसतो. हा उत्तरेकडचा पाणपक्षी खोल बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. पाताळात जायचं तर गरुड काय कामाचा? तिथे लूनच हवा. सायबेरियातल्या बऱ्याच लोकांच्या सृष्टिकथेत सगळीकडे पाणी असताना बुडी मारून तळाची माती चोचीत आणणारा पाणपक्षी असतो, कुठे लून, कुठे बदक. पक्ष्याची अंगची करामत आणि त्याचं काम एकाला एक जुळलेलं असतं. हे मला 'प्रतीक' शब्दात मावत नाही असं वाटतं.

----------

उंटावरचा_शहाणा

धागा चांगला आहे, पण एक पाचर मारतो. हे सगळं आपल्याला सांगतंय कोण? हद्दपार कैदी, मिशनरी, सरकारी अधिकारी, आणि खटले.

सामी लोकांचं उदाहरण घ्या. नॉर्वे-स्वीडन-फिनलंडच्या उत्तरेकडचे रेनडिअर पाळणारे लोक. त्यांच्या नोआइदीचे (शामानाचे) तीन मदतनीस सांगतात: पक्षी, मासा आणि रेनडिअरचा नर. डफाच्या कातड्यावर आल्डर झाडाच्या सालीच्या लाल रंगाने चित्रं काढलेली. सतराव्या-अठराव्या शतकात धर्मप्रसारकांनी हे डफ गोळा करून जाळले किंवा राजधानीला पाठवले. आज जगात जेमतेम सत्तरेक उरलेत.

त्यातल्या एका डफावरच्या चित्रांचा अर्थ खुद्द डफवाल्याच्या तोंडून नोंदला गेलाय. तो अँडर्स पौल्सेन, वय झालेला सामी माणूस. १६९१ साली त्याचा डफ जप्त झाला, १६९२च्या फेब्रुवारीत नॉर्वेतल्या वाद्सोला खटला उभा राहिला. कोर्टात त्याने एकेक आकृती समजावून सांगितली, आणि त्यात येशू, मेरी, मेरीची आई सेंट अ‍ॅन असे सगळे निघाले! आता हा माणूस जादूटोण्याच्या आरोपाखाली उभा आहे, शिक्षा कदाचित जिवंत जाळण्याची. तो खरा अर्थ सांगत होता, की जीव वाचवत होता, की त्याच्या मनात जुनं आणि नवं खरोखरच एकत्र नांदत होतं? निकाल लागायच्या आधीच कोठडीत एका वेडसर माणसाने कुऱ्हाडीने त्याला मारलं. डफ कोपनहेगनला गेला. १९७९ पासून तो कारास्योकच्या सामी संग्रहालयात उसना होता, मालकी सामींकडे आली २०२२ साली.

तेव्हा 'या परंपरेत लूनचा अर्थ अमुक' असं तुम्हीही जरा जपूनच म्हणा, पाणकावळेबुवा. तक्तेवाल्यांची खोड आपल्यालाही लागते.

----------

शेवंती

उंटावरून नेमकी पाचर. पौल्सेनचं वाचून वाईट वाटलं.

----------

पाणकावळा

मान्य. पण सगळेच स्रोत दबावाखालचे नाहीत. रॅडलोव्ह नावाच्या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात दक्षिण सायबेरियातल्या अल्ताय पर्वतातल्या घोड्याच्या बळीचं वर्णन नोंदवलंय, त्यात बारकावे इतके आहेत की कुणी साहेबाला खूश करायला रचले असतील असं वाटत नाही.

बळी द्यायच्या घोड्याचा आत्मा शामानाला पकडून आकाशातल्या देवापर्यंत न्यायचा असतो. तो घोडा पळतो. मग शामान तंबूबाहेर येऊन, गवत भरून केलेल्या गूज पक्ष्यावर (हंसासारखा पाणपक्षी) मांड टाकतो, दोन्ही हात पंखांसारखे हलवतो आणि गाऊ लागतो की ढगांच्या वर ने, आणखी वर ने. आणि गूजच्या आवाजात स्वतःच उत्तर देतो. दोघांचं असं संभाषण चालतं. घोडा सापडेपर्यंत हा पाठलाग. दुसऱ्या संध्याकाळी डफ घेऊन आकाशाचे थर एकेक चढत जायचं, दर थरावर काही ना काही घडतं, मधूनच विनोदही होतात, लोक हसतात.

हे हसणं मला फार महत्त्वाचं वाटतं. तक्त्यांतलं अध्यात्म कायम गंभीर चेहऱ्याचं. इथे गवताचा पक्षी, त्याचा कॅक-कॅक आवाज, आणि त्याच प्रसंगी जिवाची बाजी.

----------

निशिगंध

मी विरुद्ध बाजूने लिहिते, चालेल ना?

मी डफाच्या तालावरच्या ध्यानाची एक कार्यशाळा केली होती. डोळे मिटून जमिनीतल्या एखाद्या बिळातून खाली जायचं, आणि जो प्राणी भेटेल तो आपला. मला हरणी भेटली. त्या काळात मी फार वाईट मनःस्थितीत होते आणि त्या हरणीने मला बळ दिलं. ती खरी की खोटी याच्याशी मला कर्तव्य नाही. तुम्ही लोक पुस्तकं वाचून दुसऱ्यांच्या अनुभवाला 'करमणूक' म्हणता, ते जरा खटकलं. आणि ती कार्यशाळा घेणाऱ्यांनी आम्हाला कुठलाही तक्ता दिला नव्हता. उलट 'प्राण्यालाच विचारा तो का आलाय' असं सांगितलं होतं.

----------

पाणकावळा

चालेल काय, हवंच. करमणूक मी तक्त्यांना म्हटलं, तुमच्या हरणीला नव्हे.

तुम्ही केलंत ते बहुधा मायकेल हार्नरच्या पद्धतीचं. हा अमेरिकन मानवशास्त्रज्ञ, अ‍ॅमेझॉनच्या बाजूला शुआर आणि कोनिबो लोकांत राहून आलेला. १९८० साली त्याचं पुस्तक आलं आणि 'शक्तिप्राणी' ही कल्पना शहरांत पसरली ती मुख्यतः तिथून. जगभरच्या पद्धतींतला समान गाभा तेवढा काढून घ्यायचा आणि बाकी स्थानिक गोष्टी बाजूला ठेवायच्या, असा त्याचा डाव. गंमत म्हणजे त्याच्याही मांडणीत प्राणी तुम्ही निवडत नाही. प्रवासात तोच प्राणी चार वेळा, वेगवेगळ्या बाजूंनी दिसला तर तो तुमचा. तक्ते करणाऱ्यांनी त्याच्याकडूनही सोयीचं तेवढंच उचललं.

माझी हरकत 'बाजूला ठेवलेल्या स्थानिक गोष्टींविषयी' आहे. कारण सगळा जीव त्यातच आहे. सायबेरियात शामान व्हावंसं कुणाला वाटत नसे. पिशाच्चं, पूर्वज, प्राणी त्याला पकडत. तो आजारी पडे, महिनोन्महिने. नाही म्हणायची सोय नसे. आणि झाल्यावर ते काम स्वतःच्या मनःशांतीसाठी नसे: कुणाचं मूल आजारी आहे, शिकार मिळत नाहीये, मेलेल्याला वाटेला लावायचंय. तुमच्या अनुभवाचं मोल त्याने कमी होत नाही. फक्त ते वेगळं काहीतरी आहे.

----------

निशिगंध

हे पटण्यासारखं आहे. पण मग 'वेगळं' म्हणजे 'कमी' असं तुमच्या सुरात येऊ देऊ नका एवढंच.

----------

आडवाटेचा_वाटसरू

दक्षिण अमेरिकेकडे कुणी वळेना म्हणून लिहितो.

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात जॅग्वार आणि शामान यांच्यात सीमारेषाच पुसट. कोलंबियातल्या देसाना लोकांत शामान जॅग्वार होऊ शकतो, मेल्यावरही होतो, आणि रानात दिसलेला जॅग्वार खरा की कुणी शामान अशी शंका कायम. पण याहून विलक्षण गोष्ट ब्राझीलचा मानवशास्त्रज्ञ एदुआर्दो विवेइरोस द कास्त्रो याने मांडली. तिथल्या अनेक जमातींच्या समजुतीत प्रत्येक प्राणी स्वतःला माणूसच समजतो. जॅग्वार आपल्या घरात माणसासारखा बसतो, आपण ज्याला रक्त म्हणतो ते त्याला कसाव्याची (एका कंदाची) दारू दिसते. गिधाडांना कुजक्या मांसातल्या अळ्या म्हणजे भाजलेले मासे. आणि आपण त्यांना कोण दिसतो? रानडुकरांना आपण जॅग्वारसारखे दिसतो, जॅग्वारला आपण रानडुकरासारखे. शामान कोण, तर ज्याला दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघता येतं आणि परतही येता येतं. परत येणं जमलं नाही तर तो त्यांच्यातलाच होऊन जातो.

इक्वाडोरच्या रानात राहणारे रुना लोक सांगतात की रानात झोपताना उताणं झोपावं. जॅग्वार आला आणि तुम्ही त्याच्याकडे बघू शकता हे त्याला दिसलं तर तो तुम्हाला आपल्यासारखाच कुणीतरी समजून सोडेल. पालथे झोपलात तर मांस समजेल. ही सूचना आहे, रूपक नव्हे. रात्री रानात मुक्काम असताना द्यायची.

अवांतर: 'जॅग्वार म्हणजे आत्मविश्वास' असं एका मगवर छापलेलं पाहिलंय. असो.

----------

शेवंती

गिधाडांचे भाजलेले मासे! हे डोक्यातून जाणार नाही आता.

----------

दगडफोड्या

मी पुरातत्त्वाच्या बाजूने दोन-चार गोष्टी टाकतो, कारण कुणीतरी 'हे सगळं तीस हजार वर्षं जुनं आहे' म्हणणारच.

पुरावा आहे, पण बोलका नाही. इस्रायलमधल्या हिलाझोन ताख्तित गुहेत साधारण १२,००० वर्षांपूर्वीचं एका वयस्क, अधू स्त्रीचं दफन सापडलं, २००८ साली ते प्रसिद्ध झालं. तिच्यासोबत पन्नासाहून अधिक कासवांची कवचं, सोनेरी गरुडाच्या पंखाचं टोक, दोन मार्टेनांच्या (मुंगसासारख्या छोट्या शिकारी प्राण्यांच्या) कवट्या, बिबट्याच्या कमरेचं हाड, रानडुकराचा पुढचा पाय, आणि दुसऱ्या कुणा माणसाचं अख्खं पाऊल. जर्मनीतल्या बाड ड्यूरेनबेर्गला १९३४ साली सापडलेली स्त्री साधारण ९,००० वर्षांपूर्वीची. तिच्याजवळ लहान मूल आणि रो हरणाची शिंगं, रानडुकराचे सुळे. तिच्या मानेच्या मणक्यांत जन्मजात व्यंग होतं. मान ठराविक तऱ्हेने मागे झुकवली की रक्तवाहिनी दाबली जाऊन डोळे आपोआप थरथरत असावेत असा अभ्यासकांचा कयास. तेव्हाच्या लोकांनी ते कसं पाहिलं असेल याची कल्पना करा.

इंग्लंडमध्ये स्टार कारला १९४९ ते १९५१ च्या उत्खननात ग्रॅहम क्लार्कला लाल हरणाच्या कवटीचे, भोकं पाडलेले, शिंगांसकट २१ मुखवटे मिळाले. जवळजवळ ११,००० वर्षं जुने. शामानाचे, की शिकारीला जाताना हरणांना फसवण्याचे? वाद अजून मिटलेला नाही. आणि मला तो वादच पोकळ वाटतो. पाणकावळ्यांनी वर लिहिलंय तसं, हरणाच्या कातड्यात शिरून हरणाजवळ जाणं हे शिकाऱ्याचंही काम आणि शामानाचंही.

पण फ्रान्सच्या त्र्वा-फ्रेर गुहेतला तो प्रसिद्ध 'मांत्रिक', शिंगंवाला, तो मात्र सांभाळून वापरा. सगळीकडे छापतात ते आबे ब्रॉय या पाद्री-संशोधकाने केलेलं रेखाटन. भिंतीच्या फोटोत ती शिंगं अशी ठसठशीत दिसत नाहीत.

----------

उंटावरचा_शहाणा

+१. 'जगातला सगळ्यात जुना धर्म' हे वाक्य निदान शंभर धाग्यांवर वाचलंय. गुहेतल्या चित्राला याकूत शामानाचा अर्थ लावायचा आणि मग त्या चित्रावरून याकूत शामान किती प्राचीन ते सिद्ध करायचं. गोल गोल राणी.

----------

मी_अमुक

अस्वलाबद्दल कुणीच लिहिलं नाही? शामान म्हटलं की मला आधी अस्वलच आठवतं.

----------

पाणकावळा

अस्वल मुद्दाम राखून ठेवलं होतं, कारण देणंघेणं म्हणजे काय हे त्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

सायबेरियातल्या ओब नदीकाठच्या खांती आणि मान्सी लोकांत अस्वल हे आकाशदेव नूमी-तोरूमचं लेकरू. खाली उतरलं, नियम पाळले नाहीत, आणि आता माणसांच्यात अडकलं. त्याची शिकार झाली की त्याला पाहुणा म्हणून घरी आणतात. डोकं दोन पंजांवर ठेवून मानाच्या जागी बसवतात, डोळ्यांवर नाणी ठेवतात, समोर खाणंपिणं मांडतात. नर असेल तर पाच रात्री, मादी असेल तर चार रात्री गाणी, नाच, बर्च झाडाच्या सालीचे मुखवटे लावून सोंगं. गाण्यांतली काही अस्वलाच्याच तोंडची, 'मी' म्हणून गायलेली. सोव्हिएत काळात हे दडपलं गेलं, १९८०च्या दशकापासून पुन्हा उघडपणे होऊ लागलं.

आणि अपराध लपवायची धडपड! एवेंकी लोक अस्वल खाताना डोमकावळ्यासारखे ओरडत, म्हणजे तुला आम्ही नाही, कावळ्यांनी खाल्लं. खांती लोक अस्वलाला सांगत की बाण रशियन माणसाने घडवला, आमचा दोष नाही. मी हे वाचून आधी हसलो होतो. पण उत्तर ध्रुवाकडच्या इनुइटांच्या बाबतीत रासमुसेन या शोधप्रवाशाने (त्याची पाचवी थूले मोहीम, १९२१ ते १९२४) जे नोंदवलं ते वाचल्यावर हसू थांबलं. इग्लुलिकच्या लोकांनी त्याला सांगितलं की जगण्यातला सगळ्यात मोठा धोका हा की आमचं अन्न सगळं आत्म्यांचं बनलेलं आहे. जिथे शेती नाही, धान्य नाही, जे खायचं ते मारूनच, तिथे हा काही काव्यात्म विचार नाही. रोजचा प्रश्न आहे. मारलेल्याचा आत्मा सूड घेऊ नये म्हणून काय करायचं?

ऐनूंचा इयोमांते याच जातीचा. अस्वलाचं पिल्लू घरात वाढवायचं, लहान असेल तर बाईने अंगावर पाजायचंसुद्धा, आणि वर्षा-दोन वर्षांनी समारंभाने मारून देवलोकी परत पाठवायचं. ऐनूंच्या मते देवच अस्वलाचं सोंग घेऊन येतो, मांस आणि कातडं ही त्याने आणलेली भेट. नीट निरोप दिला, भेटी दिल्या, तर तो वर जाऊन सांगेल की तिथली माणसं चांगली आहेत, आणि पुन्हा येईल. १९५५ साली होक्काइदोच्या गव्हर्नरने हे रानटी आहे म्हणून बंद करण्याचं परिपत्रक काढलं. ते मागे घेतलं गेलं २००७ साली.

----------

खडू_फळा

बाईने अंगावर पाजलेलं पिल्लू मारायचं, हे माझ्या पचनी पडत नाही. परंपरेचं कौतुक करताना त्या पिल्लाच्या बाजूने कुणी बघत नाही. तुम्हीच म्हणताय ना की प्राणी हा 'समोरचा पक्ष'? मग पक्षाला विचारलं का?

----------

आडवाटेचा_वाटसरू

विचारलं असं ते म्हणतील, आणि तोच तर शामानाचा व्यवसाय. देसाना लोकांविषयी राइखेल-दोल्मातोफ या मानवशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात लिहिलंय. तिथे प्राण्यांचा एक धनी असतो, डोंगराच्या पोटात त्याची घरं, तिथे सगळी जनावरं राहतात. शामान तिथे जाऊन बोलणी करतो: इतकी जनावरं सोड. बदल्यात धनी माणसांचे आत्मे मागतो, मेल्यावर त्याच्या घरी येऊन भरपाई करतील असे. म्हणजे शिकार फुकट नाही, आपल्या माणसांनी मोजून द्यायची. परिणाम असा की वाट्टेल तितकी शिकार करणाऱ्याला आजारपण येणार, आणि शामान त्याला 'तू जास्त मारलंस' म्हणून सांगणार. राइखेल-दोल्मातोफचं म्हणणं की यातून रानावरचा ताण सांभाळला जातो.

खडू_फळा, तुमची हरकत याने संपत नाही हे मान्य. पिल्लाच्या वतीने बोलणारा शेवटी माणूसच.

----------

दगडफोड्या

राइखेल-दोल्मातोफचा तो निष्कर्ष फार गोड आहे आणि त्यावर बरीच टीकाही झालीय. समजूत असली म्हणजे जनावरं वाचतातच असं नाही. पण माणसांची चूक आणि शिकार यांचा संबंध लावणं, हे तर समुद्रकाठच्या इनुइटांतही आहे. सील मिळेनासे झाले की शामान समुद्रतळाशी राहणाऱ्या बाईकडे जातो. तिची बोटं तिच्या बापाने होडीच्या कडेवर छाटली, त्या बोटांचेच सील आणि वॉलरस झाले. माणसांनी नियम मोडले की त्यांचा मळ तिच्या केसांत साचतो. तिला बोटं नाहीत, विंचरणार कशी? शामान तिचे केस विंचरतो, मग ती जनावरं सोडते. आणि वर बर्फाच्या घरात जमलेल्या लोकांनी एकेक करून कबुली द्यायची की कुणी काय मोडलं.

----------

शेवंती

मला एक सांगा, डफ सगळीकडे आहे. त्याचा प्राण्याशी संबंध काय? फक्त कातडं म्हणून?

----------

पाणकावळा

फक्त कातडं म्हणून नक्की नाही. अल्तायमध्ये नवा डफ 'जिवंत' करावा लागे. त्यावर दारू शिंपडत, आणि मग शामानाच्या तोंडून तो प्राणीच बोले: मी कुठे जन्मलो, आई-बाप कोण, लहानपणी कुठे चरलो, शिकाऱ्याने मला कसं गाठलं. पूर्ण चरित्र. डफाच्या लाकडी चौकटीचं झाडही आपली कहाणी सांगे, रानात कसं वाढलं, कसं तोडलं. शेवटी प्राणी कबूल करे की आता तुझी चाकरी करीन. तिथून पुढे डफ हे वाहन. घोड्याच्या मुलखात घोडा, रेनडिअरच्या मुलखात रेनडिअर, आणि वाजवायची काठी म्हणजे चाबूक.

म्हणजे बघा, विशिष्ट प्राणी. 'हरीण' या जातीचा सरासरी अर्थ नाही. अमुक दरीत जन्मलेलं, अमक्या आईचं, अमक्या दिवशी मारलेलं एक हरीण.

----------

निशिगंध

हे वाचून थांबले. माझ्या हरणीला मी कधी विचारलं नाही की ती कुठली.

----------

आडवाटेचा_वाटसरू

हरणाचा विषय निघालाच आहे तर मेक्सिकोच्या विचोल (विक्सारिका) लोकांचं टाकतो. त्यांच्यात हरीण, मका आणि पेयोते नावाचा निवडुंग हे तिन्ही एकच. शामानाच्या, म्हणजे माराकामेच्या मागून लोक विरिकुता नावाच्या वाळवंटात यात्रेला जातात. पुराणकथेत हरणाची पावलं जिथे उमटली तिथे पेयोते उगवला. म्हणून पहिला पेयोते दिसला की त्याची शिकार करतात, खरोखरीच धनुष्यातून बाण सोडून. कौयुमारी नावाचा हरीणदेव माराकामेचा सोबती आणि दुभाष्या. या यात्रेच्या मुलखातच खाणींचे परवाने दिले गेले आणि २०१०नंतर विचोलांनी त्याविरुद्ध मोठा लढा उभारला. त्यांच्या दृष्टीने खाण हरणाच्या वाटेवरच पडते.

----------

मी_अमुक

गरुडाला सगळीकडे मान आहे, निदान तक्त्यातला गरुड तरी बरोबर ना? की तोही गेला?

----------

पाणकावळा

गरुड टिकतो, पण दूरदृष्टीसाठी नाही. सायबेरियातल्या बैकाल सरोवराकडच्या बुर्यात लोकांच्या कथेत देवांनी माणसांच्या मदतीला गरुड पाठवला, आजारपण आणणाऱ्या भुतांपासून वाचवायला. पंचाईत अशी की माणसांना त्याचं बोलणं कळेना, विश्वासही बसेना. तो परत गेला आणि म्हणाला, मला माणसाची वाणी द्या नाहीतर माझी शक्ती कुणा बुर्याताला द्यायची परवानगी द्या. दुसरी गोष्ट मिळाली. झाडाखाली झोपलेल्या एका बाईशी त्याचा संबंध आला, तिचा मुलगा पहिला शामान. तेव्हा गरुड तिथे बाप आहे. याकूतांतही शामानांचे आत्मे एका झाडावरच्या घरट्यांत वाढतात, मोठा पक्षी अंडी उबवतो, घरटं जितकं उंच तितका शामान जबरदस्त.

राजहंसाचंही तसंच. खोरी बुर्यात स्वतःला हंसकन्येचे वंशज मानतात. आकाशातून हंस जाताना दिसले तर त्यांच्या दिशेने दूध उडवतात. आजीला हात जोडतो तसं.

----------

उंटावरचा_शहाणा

आणि इथेच कुळाचा प्राणी आणि एकट्या माणसाचा प्राणी यांची गल्लत होते. उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांची गणगोतं प्राण्यांच्या नावाची, सारस, लून, अस्वल वगैरे. ते बापाकडून मिळतं, लग्न कुणाशी करायचं नाही ते त्यावरून ठरतं. त्याचंच 'टोटेम' झालं आणि आता पाच प्रश्नांच्या चाचणीत 'तुमचं टोटेम कोल्हा' असं निघतं. उद्या कुणी 'तुमचं आडनाव कोणतं, चाचणी द्या' म्हटलं तर?

----------

खडू_फळा

चाचणी दिलीय मी. पाणमांजर आलं होतं. वरचं वाचून आता झोप लागेल का ते बघायचं.

----------

दगडफोड्या

जीभ सांभाळा.